वाटणीच्या नाटकाचा शेवट

तीस वर्षं मी भोरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. एवढ्या वर्षांत किती तास घेतले ते देव जाणे, पण जुने विद्यार्थी भेटले की एकाच तासाबद्दल विचारतात, आणि नेमका त्याच तासाला मी भर वर्गात धडधडीत खोटं बोललो होतो. दिवाळी अंकासाठी अनुभव मागणाऱ्या संपादकांना मी हे आधीच कळवलं. आदर्श शिक्षकाचं मनोगत हवं असेल तर दुसरा माणूस गाठा, म्हटलं. ते म्हणाले, खोटं बोलल्याचंच लिहा. आता माझा इलाज नाही.

आधी आमच्या धंद्याचं थोडं सांगतो. हल्लीच्या मुलांना वाटतं, त्या काळचे इंग्रजीचे मास्तर म्हणजे साहेबासारखे फाडफाड बोलणारे. कसलं काय! पुण्याला बी. ए. होईपर्यंत जिवंत इंग्रज माणसाशी मी एकूण दोन वाक्यं बोललो होतो, आणि त्यातलं एक 'सॉरी' होतं. शिकवायची रीत ठरलेली. मास्तरांनी ओळ मोठ्याने वाचायची, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे, मग त्या ओळीचं मराठी करून सांगायचं. पोरांनी ते वहीत उतरवायचं आणि घोकायचं. मास्तर वर्गाच्या एक पान पुढे असला की भागायचं. हे आमच्यातलं गुपित आहे, उघड कुणी बोलत नाही. मी रोज सकाळी नीरेच्या काठी फिरायला जायचो, लोकांना वाटायचं प्रकृतीसाठी. बगलेत पुस्तक असायचं, आणि पुढचं पान पक्कं झालं की मी घरी परतायचो.

मी लागलो त्या वर्षाची ही गोष्ट. भोर तेव्हा संस्थान होतं आणि दुसरं महायुद्ध अजून व्हायचं होतं. मला इंग्रजी सहावीचा वर्ग मिळाला, म्हणजे मॅट्रिकच्या आदलं वर्ष. मॅट्रिकची पुस्तकं वरून ठरून यायची, पण सहावीचं पुस्तक शाळेच्या हातात असायचं. कपाटात एका नाटकाच्या तीस प्रती पडून होत्या. "वाळवी लागायच्या आत शिकवून टाका," हेडमास्तर म्हणाले. नाटक इंग्रजांच्या सगळ्यांत मोठ्या नाटककाराचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, शाळा पाहिलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आमचा वर्ग त्याला 'नाटकवाले सायेब' म्हणायचा, आणि मला तेच नाव आवडतं. नाटक शोकांतिका होतं, म्हणजे शेवट वाईट होणार हे पहिल्या पानालाच ठरलेलं.

गोष्ट अशी. एक म्हातारा राजा असतो. मुलगा नाही, तीन मुली. राज्याचा कारभार झेपेना म्हणून तो राज्य तिघींना वाटून द्यायचं ठरवतो. भर दरबारात विचारतो, तुमच्यातली कोण माझ्यावर जास्त माया करते ते सांगा. थोरली आणि मधली तोंड भरून गोड बोलतात. धाकटी खरी मायेची, पण तिला असलं बोलता येत नाही. लेकीनं करावी तेवढी माया मी करते, एवढंच ती सांगते. राजा खवळतो, तिला हाकलून देतो, सगळं राज्य दोघींना देऊन मोकळा होतो.

दिवाळीपर्यंत आम्ही विलायती फुलांवरच्या कविता शिकलो होतो. ती फुलं मीही पाहिली नव्हती, त्यामुळे वर्ग निम्मा झोपलेला असायचा. हे नाटक सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हंजी ही वाटणीच की!"

मग वर्गाला आवरता आवरेना. पंच कुठं हायत? मोजणी कुणी केली? चिठ्ठ्या टाकल्या का? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, राजानं सोतासाठी काय ठेवलं? मी पान उलटून पाहिलं. राजानं स्वतःसाठी शंभर स्वार ठेवले होते आणि एक महिना एकीकडे, एक महिना दुसरीकडे राहायचं ठरवलं होतं. जमीन म्हणाल तर वीतभर नाही. हे सांगितलं आणि अख्खा वर्ग हसला.

"आळीपाळीनं जेवनार! सर, ह्यो राजा उपाशी मरतोय बगा."

मी पुण्याचा, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरांनीच मला शिकवलं. त्यांच्याकडे वाटणी होते तेव्हा बापालाही मुलाइतका वाटा येतो. शहाणा बाप तो वाटा मरेपर्यंत सोडत नाही. एखादा भोळा म्हणतो, मला काय करायचंय, लेक सांभाळतील. मग एक महिना या चुलीवर आणि एक महिना त्या चुलीवर. तिसाचा महिना सरून एकतिसावा दिवस आला की त्या दिवशी म्हाताऱ्याला कुणी वाढायचं यावर भांडणं झालेली पोरांनी डोळ्यांनी पाहिली होती. साहेबाच्या नाटकाचा पहिला अंक मला चार टीपांच्या पुस्तकांतून कळला नव्हता, तो या पोरांनी एका तासात समजावला. मला इतका आनंद झाला की त्या भरात मी एक उद्योग करून बसलो.

संक्रांतीची सुटी होती. मी गृहपाठ दिला, हा पहिला प्रवेश घरी जाऊन वडीलधाऱ्यांना मराठीत सांगायचा, ते काय म्हणतात ते ऐकायचं आणि इंग्रजीत लिहून आणायचं. असला गृहपाठ त्या काळी कुणी देत नसे. हेडमास्तरांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

वह्या आल्या त्या वाचताना माझी करमणूक झाली. बहुतेकांच्या आज्यांनी राजाला वेडा ठरवलं होतं. वेल्ह्याच्या वर धनगरवाड्यातून आलेल्या कोंडिबाच्या चुलत्याने विचारलं होतं की मेंढरं कुणाच्या वाट्याला आली. एक वही मात्र मी दोनदा वाचली. ती मार्गासनीच्या सदूची. सदू अंगानं किरकोळ, बोलायला कमी. बोर्डिंगात राहायचा, आणि वर्गाचा एकुलता एक जाडा शब्दकोश रोज संध्याकाळी मागून न्यायचा. त्याच्या इंग्रजीत क्रियापदं कुठेही पडलेली असायची. त्याने लिहिलं होतं, 'माझे आजोबा विचारतात, धाकटीचं पुढे काय झालं. मी म्हणालो, अजून शिकवलं नाही. आजोबा ताटावरून उठले.' मी खाली तांबड्या शाईने क्रियापदं दुरुस्त केली आणि वही परत दिली.

पुढच्या आठवड्यात दोन उंचेपुरे गडी शाळेच्या दारात उभे राहिले. मोठा मारुती, सदूचा बाप. धाकटा दगडू, सदूचा चुलता. दोघे मार्गासनीहून दिवसभर चालून आले होते. मारुतीनं रामराम केला आणि मुद्द्याला हात घातला.

"मास्तर, ह्ये नाटक कवा संपतंय?"

मी म्हटलं, "का बरं?"

"आमची वाटणी आडलीया."

मग सगळं कळलं. त्यांचे वडील रखमाजी, गाव त्यांना आबा म्हणायचं. सत्तरीच्या घरातले, शब्दाचे पक्के. येत्या पाडव्याला दोघां मुलांना जमीन वाटून द्यायची ठरली होती. स्वतःचा वाटा नको, मला काय करायचाय, असं आबांनी पंचांसमोर सांगितलं होतं. वाटणीपत्राचा मसुदाही झाला होता. तेवढ्यात संक्रांतीला सदूने राजाची गोष्ट सांगितली, आणि आबांनी जाहीर केलं की राजाचं काय झालं ते कळल्याशिवाय मी अंगठा उठवणार नाही.

"आमी काय वाईट न्हाई, मास्तर," मारुती म्हणाला. "बापाला आमी उपाशी ठिवू व्हय? पर त्येंच्या डोस्क्यात ह्यो राजा शिरलाय."

दगडू जरा तापट होता. "तुमाला नाटक शिकवायला ठिवलंय का लोकांची घरं मोडायला?"

मी त्यांना चहा पाजला. बोलता बोलता मारुतीने घरातली आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांना एक धाकटी बहीणही होती. चंद्रा तिचं नाव, किकवीला दिलेली. चार वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा आबांनी देवऋषी बोलावला. चंद्रा माहेरी आली होती, ती आबांना तोंडावर म्हणाली की आईला पुण्याच्या दवाखान्यात न्या, ह्या धुपा-अंगाऱ्यानं ती वाचायची नाही. आबा भडकले. पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नको म्हणाले. आई गेली. तेव्हापासून चंद्राचं नाव त्या घरात निघालं नव्हतं.

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. वाटणीत लेकीचा काय संबंध, असंच त्या काळी सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटलं. तीन मुलींचं नाटक शिकवणारा मी, आणि मला आबांचे दोन मुलगेच दिसत होते.

पुढचे दोन महिने मात्र काय मजेत गेले म्हणून सांगू! दर पंधरा दिवसांनी सदू घरी जायचा, नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. तो गेला की मार्गासनीच्या हनुमानाच्या देवळात माणसं जमायची आणि आमच्या वर्गात झालेला भाग तिथे व्हायचा. बाजाराला निघालेली माणसं वाटेत थांबून विचारायची, त्या थोरलीनं आता काय केलं रं? थोरलीने राजाचे निम्मे स्वार काढून घेतले तेव्हा गावातल्या दोन सुनांनी सासूला त्या दिवशी वाकळ धुऊन दिली, असं सदूने मला गंभीरपणे सांगितलं. मीही पेटलो होतो. एक पान पुढे राहून भागेना. पोरं अशा प्रश्नांची झोड उठवायची की मला दोन-दोन प्रवेश तयार करून जावं लागे. घंटा झाली तरी कुणी उठत नसे.

वादळाच्या प्रवेशाचं तर सांगायलाच हवं. दोन्ही मुलींनी दार लावून घेतलेला राजा उघड्या माळावर वादळात सापडतो, सोबतीला फक्त त्याचा विदूषक. मी आवाज चढवून वाचत होतो, तोच कोंडिबा उठला.

"सर, राजाच्या अंगावर घोंगडं न्हाई?"

"नाही."

"आन् संगं हाय त्येच्या?"

"त्याच्याही नाही."

"मग दोगंबी येडी," कोंडिबा म्हणाला, आणि विचारायची वाट न पाहता पुढे आला. खांद्यावरची घोंगडी काढून तिची खोळ कशी करायची, वाऱ्याकडे पाठ करून खडकाच्या आडाला कसं बसायचं, हे त्याने माझ्या टेबलाजवळ बसून दाखवलं. "आमच्या वाड्यावं असला पाऊस लई येतो. म्हातारं मानूस असलं तर त्येला मदी घ्यायचं, मेंढरं भवतीनं. पर ह्येच्या भवतीनं कोनच न्हाई." एवढं बोलून तो तसाच बसून राहिला. वर्ग चिडीचूप झाला. मी फळ्याकडे तोंड करून उगाच एक शब्द लिहिला. गडबड अचानक थांबली म्हणून हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले, तर कोंडिबा घोंगडी पांघरून जमिनीवर आणि मास्तर पाठमोरे. त्यांनी मला मधल्या सुटीत बोलावून घेतलं.

त्यांना मार्गासनीचं प्रकरण कळलं होतं. दगडूने जाता जाता त्यांच्याकडे तक्रार केली होती. "हे बघा," ते म्हणाले, "ते आबा शेवट ऐकायला स्वतः येणार आहेत म्हणे. पालक म्हणून येताहेत, मी नाही म्हणू शकत नाही. पण एका नाटकापायी लोकांचं घर फुटलं तर उद्या कुणी पोरं पाठवणार नाही शाळेत. परीक्षेला पाचवा अंक घेऊ नका. आणि शेवट जरा गोड करून सांगा. कोण बघतंय?"

मी एका वर्षाच्या बोलीवर लागलेलो होतो. कायम करणं न करणं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि दाखवायची गरजही नव्हती.

पाडवा आठ-दहा दिवसांवर आला तेव्हा एका सोमवारी आबांची बैलगाडी शाळेपुढे उभी राहिली. आदल्या दिवशी निघून वाटेत मुक्काम करून ते आले होते. गाडी मारुतीने हाकली होती, दगडू मागे बसला होता. आबा म्हणजे वाळक्या बाभळीसारखा म्हातारा, डोक्याला पागोटं, डोळ्यांत मात्र पाणी साचलेलं. देवळात जाताना काढाव्यात तशा त्यांनी वर्गाच्या दाराशी वहाणा काढल्या. मी खुर्ची दिली ती नको म्हणाले. मागच्या बाकावर बसले, दोन्ही मुलगे त्यांच्या अलीकडे पलीकडे. सदू पुढच्या बाकावर होता, त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"चालू द्या, मास्तर," आबा म्हणाले. "धाकटी परत आली हितपर्यंत म्हाईत हाय."

खरंच तिथपर्यंत झालं होतं. चौथ्या अंकात धाकटी बापासाठी सासरची फौज घेऊन परत येते, म्हातारा तिला ओळखतो आणि तिच्यापुढे गुडघे टेकायला बघतो. पाचव्या अंकात काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांचा पराभव होतो. बाप-लेक कैद होतात. आणि पुढे जे होतं ते मला त्या म्हाताऱ्यापुढे बोलवेना. भीती होती हेडमास्तरांची, हे कबूल करतो. पण आबांच्या डोळ्यांकडे बघून वाटलं, काय बिघडेल? सुखाने मरू दे बिचाऱ्याला आपल्या मुलांजवळ.

युक्ती सोपी होती. इंग्रजी ओळी मी पुस्तकात होत्या तशाच वाचल्या, अगदी हातवाऱ्यांसकट. फक्त मराठी माझ्या पदरचं सांगितलं. राजा आणि धाकटी लढाई जिंकतात, थोरली आणि मधली पायावर लोळण घेतात, राजा त्यांना क्षमा करतो आणि सगळी एका छपराखाली सुखाने नांदू लागतात. आमच्या रीतीने इंग्रजी वाचायचं असतं ते मास्तरांनी, आणि खरं मानायचं असतं ते मास्तरांचं मराठी. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?

मी पुस्तक मिटलं. मारुतीने निःश्वास सोडला. दगडू चक्क हसला.

"सर, तसं न्हाई लिवलेलं."

सदू उभा होता. एका हातात नाटक, दुसऱ्या हातात तो जाडा शब्दकोश. शाळेत तो नेहमी जपून शुद्ध बोलायचा, त्या दिवशी शुद्ध भाषा त्याला सापडेना.

"खाली बस," मी म्हटलं.

"सर, म्या दोनदा वाचलंय. समदे शब्द बगितल्यात." तो बसला नाही. मास्तर एक पान पुढे असावा म्हणतात ना, त्या दिवशी विद्यार्थी एक अंक पुढे निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी आनंदाची अशी उकळी फुटली की काय सांगू. गुंजवणीच्या खोऱ्यातल्या पोराने, कुणी न शिकवता, साहेबाच्या नाटकाचा पाचवा अंक एकट्याने फोडला होता. मला ओरडून शेजारच्या वर्गांना सांगावंसं वाटलं.

"सांग मग," आबा मागून म्हणाले.

सदू आजोबांकडे वळला. "आबा, धाकटी मेली. तुरुंगात तिला फाशी दिली. सोडा म्हनून हुकूम सुटला व्हता, पर मानूस पोचंस्तवर उशीर झाला. राजानं तिला हातावं उचलून भाईर आनली. तिच्या तोंडाम्होरं आरसा धरतो, श्वास लागतोय का बगायला. मग त्योबी मरतो."

दगडू बाकावरून अर्धा उठला होता, मारुतीने त्याचा हात धरला.

आबांनी विचारलं, "हुकूम सुटला व्हता?"

"व्हय, आबा."

"मग उशीर कशापायी झाला?"

"समदी बोलत बसली व्हती. तिची याद कुनालाच ऱ्हायली न्हाई."

आबा उठले. माझ्या टेबलापाशी आले. मी उभाच होतो.

"मास्तर, खोटं बोलला ते कुणासाठी?"

मी म्हटलं, "आबा, भ्यालो."

"भ्यालेला मानूस परवडला," ते म्हणाले. "गोड बोलनारा न्हाई परवडत." मग मुलांकडे वळून, "गाडी जुपा. आन् सदूला संगं घ्या."

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. सदू तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा मी त्याला फाटकातच गाठलं. त्याने सांगितलं ते असं. गाडी कापूरहोळच्या फाट्यापर्यंत आली. तिथे रस्ता फुटतो, मार्गासनीला जायचं तर नसरापूरच्या बाजूला वळायचं. मारुतीने बैल तिकडे वळवले तर आबांनी कासरा धरला. "किकवी," एवढंच म्हणाले. दोघा मुलांना वाटलं म्हाताऱ्याला चकवा लागला. चंद्राच्या दारात गाडी थांबली तेव्हा ती अंगणात भात पाखडत होती. सूप हातातून पडलं. आबा गाडीतून उतरले ते तिच्यापुढे खाली बसायलाच लागले, तिने त्यांना वरच्या वर धरलं. सदू हे सांगताना सारखा आपल्या वहाणेच्या अंगठ्याशी खेळत होता.

पाडव्याला वाटणी झाली. मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी सांगून पाठवलं की माझ्यासारखा खोटारडा साक्षीला कशाला. उलट निरोप आला, एकदा धरला गेलेला माणूस दुसऱ्यांदा नीट बघून सही करतो. मग गेलो. आबांनी दोन वाटे मुलांना दिले आणि विहिरीखालची आंबेमोहोराची चार खाचरं स्वतःकडे ठेवली. पंचांनी विचारलं, तुमच्या माघारी ही कुणाची? आबा म्हणाले, चंद्रीची लिवा.

दगडू उसळला. "लेकीला कुठं वाटणी अस्ती व्हय?"

"विलायतेत अस्ती," आबा म्हणाले. "ह्या मास्तरांना इचार."

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि सही केली. उंबऱ्याशी बसलेल्या चंद्राने पदर तोंडाला लावला होता, ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. आबा पुढे सहा वर्षं जगले, आणि दोन्ही सुना त्यांना आपल्याकडे जेवायला बोलवायला भांडायच्या. खाचरं चार होती, आणि तांदूळ वासाचा होता.

वाटणीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सदूला ओढ्यापर्यंत घेऊन गेलो. एक गोष्ट मला समजत नव्हती. तो गप्प बसला असता तर त्याच्या बापाच्या वाट्याला जास्त जमीन आली असती. मीही सुटलो असतो. आबांचा वाटा राखायचा म्हणून तो उठला होता का?

"न्हाई, सर," तो म्हणाला. "वाटा त्यांनी तिसऱ्या अंकालाच ठिवायचं ठरवलं व्हतं. मला म्हणाले व्हते."

"मग?"

"तुमच्या शेवटात बाप-लेक भेटत्यात, मग सुखानं ऱ्हात्यात. आबांनी त्यो शेवट ऐकला असता तर म्हणाले असते, भेटू की. पाडवा झाल्यावं भेटू, सुगी झाल्यावं भेटू. चार वर्सं तेच म्हणत व्हते, सर."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

महिन्याभराने वार्षिक परीक्षा झाली. हेडमास्तरांच्या सांगण्याप्रमाणे मी पाचव्या अंकावर एकही प्रश्न काढला नाही. सदूची क्रियापदं जिथे तिथे चुकली होती. त्याला इंग्रजीत शंभरापैकी एकेचाळीस गुण मिळाले, आणि ते मी माझ्या हाताने दिले.